जुन्या गाड्यांचे आटे : आधी मोजा, मग पाना लावा

कापडाच्या धंद्यात माल हाती आला की आम्ही भिंग लावून इंचात किती धागे आहेत ते मोजतो. नट-बोल्टच्या आट्यांचा हिशोबही असाच इंचावर चालतो. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे कारागीर बांधव ही मोजणी टाळतात, तेव्हा एका क्षुल्लक बोल्टपायी इंजिनाची क्रँककेस निकामी होते. ती बाजारात सहजी मिळत नाही आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते.

प्रथम आट्यांच्या जाती ओळखाव्यात. जुनी बुलेट, बीएसए अशा इंग्रजी गाड्यांवर व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल आटे आढळतात. व्हिटवर्थची पद्धत १८४१ सालची. तिचा आणि बीएसएफचा कोन ५५ अंशांचा, सायकल आट्यांचा ६०. विलीस जीपवर अमेरिकन आटे, कोन ६०. फियाट ११०० आणि जावा मिलिमीटरवाल्या.

खरा घोटाळा अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्टमध्ये होतो. त्याची जाडी ७.९४ मिलिमीटर. त्यामुळे ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना तसाच दिसतो. परंतु बीएसएफला इंचात २२ आटे, अमेरिकन बारीक आट्याला २४, सायकल आट्याला २६ आणि ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला सुमारे २०. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे जोर केला की आटे गेलेच!

म्हणून जाडी व्हर्निअरने मोजावी. आट्यांवर गेजची पाती ठेवून उजेडाकडे धरावे; फट दिसता कामा नये. पान्याच्या आकड्यावर विसंबू नये. व्हिटवर्थ पान्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, अमेरिकन पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर.

आटे थोडे दबले असतील तर त्याच जातीचा टॅप तेल लावून, ॲल्युमिनियमला रॉकेल लावून, हाताने फिरवावा : अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आटे पुरते गेले असतील तर भोक मोठे करून, खास टॅप मारून पोलादी तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवावी. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा बसतो. भोक वाढवून जाड बोल्ट ठोकला तर भोवतालची भिंत पातळ होऊन तडकण्याची भीती असते.

कारागीर बंधूंनो, गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडची अमानत आहे. काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून ठेवा आणि गेजचा एक संच दुकानात अवश्य बाळगा.