मुलं आधी उलटी चालतात

आधी समीकरणं, शाब्दिक उदाहरणं प्रकरणाच्या शेवटी. हा क्रम आपल्याकडे इतका मुरला आहे की शाब्दिक म्हणजे अवघडच, असं मुलंही धरून चालतात. गेल्या चाळीसेक वर्षांतलं संशोधन वेगळंच सांगतं.

समीकरणातल्या अक्षरांना मोठेही फसतात, हे १९८१ मध्ये अमेरिकेत दिसलं. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ याचं समीकरण मांडताना अभियांत्रिकीचे तिसऱ्या हिश्शाहून जास्त विद्यार्थी चुकले. पुष्कळांनी सहा हा गुणक विद्यार्थ्यांच्याच अक्षराला चिकटवला.

पुढे मिचेल नेथन आणि केनेथ कोडिंगर या संशोधकांनी एकच गणित कधी गोष्टीत, कधी समीकरणात घालून मुलांना दिलं. एक वेटर ६ तास काम करतो, ६६ डॉलर टिप मिळते, एकूण कमाई ८१.९० डॉलर, तर तासाचा दर किती? मुलांनी ‘क्ष’ला हातही न लावता ८१.९० मधून ६६ वजा केले, उरलेल्या १५.९० ला ६ ने भागलं: २.६५. हेच समीकरण म्हणून समोर आलं की जास्त मुलं अडखळली. शिक्षकांचा अंदाज नेमका उलटा होता, आणि (हे मला फार बोलकं वाटतं) सर्वांत जास्त चुकले ते हायस्कूलचे शिक्षक.

मुलांची ही उत्तराकडून उलटं जाण्याची रीत नवी नाही. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी ती विलोमविधी म्हणून दिली आहे. अंदाजाने संख्या धरून बघण्याची मुलांची दुसरी सवय तिथल्या इष्टकर्माच्या जवळची. ‘यावत्तावत्’ ही अज्ञात राशी येते ती ‘बीजगणित’ या वेगळ्या ग्रंथात.

मग ‘क्ष’ हवा कशाला? २००८ मध्ये याच गटाने मार्था अलिबाली यांच्यासह दाखवलं की गणित गुंतागुंतीचं झालं की समीकरणच सोपं पडतं. १५ टक्के सूट मिळून साडी १,७०० रुपयांना पडली. मूळ किंमत किती? उलट जाणारा मुलगा १,७०० चे १५ टक्के काढून त्यात मिळवतो आणि १,९५५ म्हणतो. उत्तर २,००० आहे. सूट मूळ किमतीवर होती आणि तीच माहीत नाही, म्हणजे उलटं निघायला पहिलं पाऊलच सापडत नाही.

‘क्ष’ची ओळख अशा गणितातून करून द्यायला हवी. आपण ती करून देतो क्ष + ५ = १२ ने, आणि तोंडी ‘सात’ म्हणणाऱ्याचे गुण पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून कापतो.