कारंजी तलावाकाठचे प्राणी

म्हैसूरला कारंजी तलावाच्या काठी १९९५ पासून प्रादेशिक निसर्ग-इतिहास संग्रहालय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाची ही शाखा. मूळ दिल्लीचे दालन मात्र २०१६ च्या आगीत खाक झाले. अंध विद्यार्थ्यांना म्हैसूरच्या संग्रहालयात प्राण्यांचे काही नमुने हाताने चाचपून ओळखता येतात.

अशा जतन केलेल्या प्राण्यांना ‘पेंढा भरलेला’ म्हणण्याची रीत आहे. पण याच शहरातल्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात पेंढा नव्हे, कागदाच्या लगद्याच्या साच्यावर वाघाचे कातडे चढवत. तो कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. तिथे तयार झालेल्या प्राण्यांच्या मुंडक्यांनी दिवाणखाने सजले. अभ्यासकाला मात्र नमुन्याला बांधलेली चिठ्ठी अधिक मोलाची. प्राणी कुठे, कधी मिळाला हे तिच्यावर असते, आणि त्यावरून एखाद्या जंगलातून कोणती जात केव्हा नाहीशी झाली याचा माग लागतो.