आधी पाय, मग दारू?

मांडीचे हाड मोडून रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या दारूचा विषय निघाला, की त्याचे आप्त, आणि खेदाची गोष्ट अशी की कित्येकदा उपचार करणारे डॉक्टरही, एकच वाक्य बोलतात: ‘आधी पाय तर बरा होऊ द्या, दारूचं मग व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन बघू.’ हे वाक्य ऐकून मी खरोखर त्रासलो आहे, कारण ते जिवावर बेतू शकते.

नित्य पिणारा मनुष्य खाटेवर पडला की त्याची दारू त्याच क्षणी बंद होते. पहिल्या दिवशी हात कापतात, दोन दिवसांत फेफरे येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली असतानाही, तोच मनुष्य घामाने निथळत चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचू लागतो, सलाईनची सुई उपटतो आणि मोडक्या पायाने खाली उतरू पाहतो. कोणी याला भुलीचा परिणाम म्हणतो, कोणी बाहेरची बाधा; वस्तुतः हा दारू अचानक तुटल्याने होणारा ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ असून उपचाराअभावी प्राणघातक ठरू शकतो. दाखल करतेवेळी ‘ताई, हे रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली?’ असे सिस्टरने आडोशाला नेऊन विचारले, म्हणजे चारचौघांत ‘नाही हो, कधीमधी’ म्हणणारी पत्नी खरे सांगते. आणि ते केसपेपरवर चढले, तर लोराझेपामसारख्या औषधाची व ग्लुकोजपूर्वी थायमिनची तजवीज वेळीच होते.

मग पुढच्या उपचारासाठी केंद्राचा नुसता पत्ता हाती देऊन भागते काय? अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाविषयी येल विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तातडीच्या विभागातच ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू केलेल्यांपैकी 78 टक्के रुग्ण तीस दिवसांनी उपचारात होते. केवळ अन्यत्र पाठविलेल्यांपैकी 37 टक्के. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या अडतिसांपैकी एकालाच काही उपचार लाभतो. उरलेल्यांपैकी जो पाय मोडून का होईना वॉर्डात आला, त्याला तसाच परत धाडणे मला अक्षम्य वाटते.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. ‘ही औषधे म्हणजे दुसरे व्यसन’: दारू सोडविताना दिलेली मात्रा काही दिवसांत उतरवून बंद करतात. ‘यकृत बिघडले, आता औषध नको’: अशा रुग्णासाठीच लोराझेपाम पसंत करतात. ‘त्याच्या मनाची तयारी नाही’: फेफरे तयारीची वाट पाहत नाही. ‘हा आजारच नव्हे’: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहेत, आणि शारीरिक आजाराच्या बरोबरीने उपचार मिळण्याचा हक्कही त्यात आहे.

टाके काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहितात. मनोविकार विभागाच्या ओपीडीची तारीखही त्याच कार्डावर, त्याच सहीनिशी लिहून द्यावी.