अठ्ठाविसावा दिवस

साजगावच्या धाकट्या पंढरीत, कार्तिकीच्या यात्रेत, सुक्या बोंबलांच्या ढिगांमधून सहा-सात वर्षांची एक मुलगी वॉकर ढकलत विठोबाकडे निघाली होती. पायांत कॅलिपर. मागे आई, हात न लावता. त्या न लावलेल्या हातासाठी मी पुन्हा साजगावला गेलो.

त्यांच्या घरी सकाळी चटई पसरली जाते. मुलगी पालथी. आई एका तळव्यानं तिची कंबर दाबून धरते, दुसऱ्या हातानं मांडी हळूच मागे उचलते आणि आकडे मोजते. मग दुसरा पाय. नंतर मुलगी तशीच पालथी चित्रं रंगवते.

"पुढचे स्नायू ओढतात, मागचे झोपलेत," आई सांगते. मुलीला स्पायना बायफिडा आहे. त्यात मणका जिथे उघडा राहतो तिथून खालच्या नसा दुबळ्या होतात. मांडी पुढे आणि आत ओढणारे स्नायू वरच्या नसांवर चालतात, म्हणून ते जागे. कुल्ल्याचे खालच्या नसांवरचे. या एकतर्फी ओढीनं मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून निसटतो. हिचे दोन्ही निसटलेत.

"ऑपरेशन का नाही करत?" शेजारणी विचारतात. खोपोलीची लोकल धरून मायलेकी परळच्या रुग्णालयात जातात. तिथे डॉक्टरांनी समजावलं की दोन्ही खुबे निसटलेले असताना ते बसवल्यानं चालणं सुधारेलच असं नाही. गुडघा सरळ करणारे स्नायू किती जोरकस, खुबा किती मोकळा, कंबर किती समतल, यावर चालणं ठरतं. मला ते पटलं. एक्स-रे चालत नाही, मूल चालतं.

मग तळपाय. दोन्ही उजेडात धरून आई बोटाबोटांमधून बघते. तिथे संवेदना नाही. चटका बसला तरी मुलगी रडणार नाही. पाय सुजून गरम लागला तर दुखत नसलं तरी हाड मोडलेलं असू शकतं.

"28 दिवस," आई एकदम म्हणते. गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत बाळाची मज्जानलिका मिटते; नाही मिटली की मणका उघडा राहतो. "तेव्हा मला दिवस गेल्याचंही कळलं नव्हतं, दादा." म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून हवी. असं एक मूल झालेल्या आयांना ती आधीपासून दिल्यावर पुढच्या खेपेचा धोका 72 टक्क्यांनी घटला, हे 1991 मध्येच सिद्ध झालं. गरोदर म्हणून नाव नोंदवल्यावर मिळणारी गोळी या 28 दिवसांना गाठत नाही. दोष आईचा नाही, हे तिला कुणीतरी रोज सांगायला हवं.

कॅलिपरचे पट्टे मुलीनं स्वतः आवळले. आईनं फक्त उंबऱ्यातल्या चपला बाजूला केल्या.