मोबाईलवरचा रडीचा डाव

नववीतल्या एका मुलाला त्याची आई आमच्याकडे घेऊन आली. रात्री झोपत नाही, डोकं दुखतं म्हणतो, परवा तर मोबाईलच भिंतीवर आपटला. आम्हाला वाटलं, पैशाचा जुगार असेल. निघालं बुद्धिबळ.

शेजारी बसून आम्ही एक डाव पाहिला. समोरच्याचा वजीर गेला होता, तरी तो दर दोन चालींनी ‘बरोबरी करू’ म्हणून विचारत होता. मग त्याने चाल करणंच सोडलं. घड्याळात सहा मिनिटं उरली होती, ती नुसती घालवत बसला. आम्ही पोराचं मनगट धरलं. नाडी मिनिटाला ११०, तीही बसल्या जागी! पुढच्या डावात हा हरायला लागला, आणि यानेही तेच केलं.

बरोबरी मागणं गैर नाही. समोरासमोर खेळताना रीत अशी, की आधी आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. समोरच्याने न बोलता मोहरा हलवला की तो नकार समजायचा. त्यात अपमान काही नाही. पण पटावर काही बदललं नसताना पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्रास देणं. फिडे या जागतिक संघटनेच्या नियमांतही त्याला मनाई आहे. मोबाईलवर पंच समोर नसतो, नुसतं बटण असतं. म्हणून माणसं सुटतात.

बरोबरी म्हणजे भित्रेपणा, असंही काही मुलांना वाटतं. त्यांना नागपूरच्या दिव्या देशमुखची गोष्ट सांगा. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीविरुद्ध तिचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल जलद डावांत लागला, आणि दिव्या जिंकली.

हरत असलो तर डाव सोडलाच पाहिजे, असं नाही. नवख्याने शेवटपर्यंत खेळावं, समोरचाही चुकतो. पण खेळत राहणं वेगळं आणि घड्याळ अडवून बसणं वेगळं.

घरच्यांनी मोबाईल मध्येच हिसकावू नये. तसं केलं तर आपलंच पोर डाव टाकून पळालं, असं समोरच्याला दिसतं. चालू डाव संपू द्या. सलग दोन डाव हरले की उठायचं, पाणी प्यायचं, गल्लीत एक चक्कर मारायची, हे आधीच ठरवा. झोपायच्या तासभर आधी खेळ बंद. खात्याला खरं नाव-आडनाव नको. चॅट बंद करता येतं, ते करा. शिवी आलीच तर स्क्रीनशॉट काढून तक्रारीचं बटण दाबा, उलट शिवी नको.

एवढं करूनही डोकं दुखत राहिलं तर डोळे तपासून घ्या. या मुलाला शेवटी चष्माही लागला.