घरी जुळवलेली मोटार – लेखांक ९ : टाकीतील मोकळी जागा

मागील लेखांकात सांगाड्याची जोडणी आणि मागच्या आसाची बैठक यांचा विचार पुरा झाला. त्या आसाच्या आसपास जी जागा उरते तीत इंधनाची टाकी बसवावयाची असते, आणि सुट्या भागांच्या संचातून मोटार उभी करणाऱ्या हौशी माणसाकडून सर्वांत अधिक उतावीळपणा होतो तो याच ठिकाणी. कारण टाकी म्हणजे पत्र्याची पेटी, तीत पेट्रोल मावले की काम झाले, अशी त्याची समजूत असते. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, टाकीचा आराखडा तिच्यातील मोकळ्या जागेपासून आखावयास घ्यावा, कारण टाकीचे बहुतेक उपद्रव तेथेच जन्म घेतात.

कलकत्त्याच्या बागबाजारात राहणाऱ्याला या छंदाची सामग्री शोधीत दूर जावे लागत नाही. हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, थोडे उत्तरेस, उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसडर २०१४ च्या मे महिन्यापर्यंत तयार होत होती. आणि पंधरा वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरलेल्या पिवळ्या टॅक्सींच्या जातीचे जुने भाग शोधावयाचे तर मल्लिकबाजार आहेच. आपल्या अलिबागेजवळ कार्ले खिंडीत चिंकारा मोटर्सने १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर जी रोडस्टर बांधली, तिच्यातही हिंदुस्तान मोटर्सच्या गाड्यांत बसणारे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आहे. इंजिन असे जमते; टाकी मात्र जमत नाही. ॲम्बॅसडरची टाकी ऐसपैस डिकीच्या गाडीसाठी बेतलेली, तर सेव्हनच्या घाटाचा सांगाडा अरुंद आणि बुटका. तेव्हा एक तर जुनी टाकी कापून लहान करावी लागते किंवा नवी घडवावी लागते.

कापण्याचा मोह टाळावा, असे मी निःसंदिग्धपणे सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे ती टाकीच्या तळाशी दडून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे १.४ पासून ७.६ पर्यंत असले म्हणजे एका ठिणगीसरशी स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफेचे प्रमाण सहसा या मर्यादेच्या वर असते. टाकी रिकामी करून उघडी ठेवली की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण नेमके त्या घातक टप्प्यात उतरते. पंचेचाळीस लिटरांची टाकी अशा मिश्रणाने भरावयास चहाचा एक चमचा पेट्रोल पुरते, आणि तेवढे पेट्रोल जुन्या टाकीच्या दुमडीत किंवा गंजाच्या पापुद्र्याखाली दडलेले असतेच; ज्योतीची धग लागली की ते बाहेर येते. ज्याला झाळकाम करणे अपरिहार्यच असेल त्याने टाकी वाफेने धुऊन, सांध्याच्या लगतपर्यंत पाण्याने भरून किंवा तीत आरगॉन सोडून, म्हणजे मोकळ्या जागेतील हवाच घालवून, आणि तेही अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. टाकी गेले वर्षभर कोरडी आहे, ही सबब मानू नये.

नव्या टाकीचा हिशेब सोपा आहे. ७० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २२ उंच अशा पेटीत ४६.२ लिटर मावतात. तीत ४२ च भरतील अशा बेताने भरणनळीचे तोंड आत उतरवावे. पेट्रोल तापले की फुगते: वीस अंश तापमान वाढले तर चाळीस लिटरांमागे सुमारे पाऊण लिटर. पंपाच्या भूमिगत टाकीतून आलेले पेट्रोल वैशाखातल्या उन्हात उभ्या गाडीत भरले म्हणजे ही वाढ सहज होते, आणि तिला जागा न ठेवल्यास ती झाकणातून वाट काढते.

हीच मोकळी जागा वळणावर इंधनाला डुचमळू देते. टाकी निम्मी असताना पेट्रोल एका कडेला धावून पंपाचे तोंड उघडे पडते. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याच्या वाटीतील साठा क्षणभर निभावून नेतो, परंतु सुमारे तीन बार दाबावर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत इंजिन तत्काळ अडखळते. यास्तव टाकीत भोके पाडलेल्या आडव्या भिंती घालाव्यात आणि पंपाभोवती लहानसा हौद करावा.

टाकी बसवण्याच्या जागेविषयी एकच उदाहरण देतो. फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीत टाकी आसाच्या मागे होती, आणि मागून धडक बसली की ती पुढे सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर फुटे. १९७८ साली कंपनीला सुमारे पंधरा लक्ष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. सेव्हनच्या घाटातही टाकी मागेच येते. म्हणून आस आणि टाकी यांत अंतर व आडपडदा हवा, आणि बैठकीच्या बाजूस धातूची अभेद्य भिंत हवी.

आता पाणी. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वाऱ्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी जो खंदक खणला, त्याची आठवण बागबाजारच्या मराठा डिच लेनमध्ये अजून टिकून आहे. मराठी माणसाचे पाऊल तेथे क्षणभर थबकतेच. खंदक बुजला, परंतु आषाढ-श्रावणात या शहराच्या सखल रस्त्यांवर पाणी चढते, आणि नदीला भरती असली की जलद्वारे बंद ठेवावी लागत असल्याने ते लवकर ओसरत नाही. तापलेली टाकी अशा पाण्यात शिरली की आतील वाफ आकुंचन पावते, आणि श्वासनळीचे तोंड पाण्याखाली असेल तर टाकी पाणी आत ओढून घेते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या हल्लीच्या पेट्रोलात हे पाणी काही अंशी मुरते आणि प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी, म्हणजे पंपाच्या तोंडाशी, बसते. सबब श्वासनळी टाकीच्या वर उंच नेऊन वळवावी आणि गाडी उलटल्यास बंद होणारी झडप तिला लावावी. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि काही जातींचा फायबरग्लासचा राळभाग खराब करते, म्हणून घरी ओतलेली फायबरची टाकी मी सुचवणार नाही. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा ५०५२ जातीचा ॲल्युमिनियमचा पत्रा हलका आणि घडवावयास सोयीचा असतो, मात्र लोखंडी पट्ट्यांशी त्याचा उघडा स्पर्श होऊ देऊ नये. तेथे पाणी न शोषणारे रबर घालावे. त्याहून निर्धास्त राहावयाचे तर स्टेनलेस पोलाद घ्यावे.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी-दाखल्यातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मुभा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ९ ने गाडीच्या टाकीतील इंधनास परवान्यातून जी सूट दिली आहे, तीही नोंदणीचे नियम पाळणाऱ्या मालकालाच आहे. तेव्हा पत्रा कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून खातरजमा करावी.

टाकी तयार झाली की गळतीची परीक्षा घ्यावी. तीत कॉम्प्रेसरची हवा मुळीच सोडू नये: दर चौरस सेंटिमीटरला केवळ ०.२ किलो दाब दिला, तरी वर सांगितलेल्या टाकीच्या ७० × ३० च्या तळावर ४२० किलोंचा भार येतो आणि सपाट पत्रा फुगून सांधे उकलतात. टाकी पाण्याने काठोकाठ भरावी, सांध्यांवर खडूची पूड चोळून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ओल दिसते का ते पाहावे. नंतर पाणी काढून ती पूर्ण वाळवावी. नळ्या, पंप आणि इंधन परत आणणारी वाट यांचा विचार पुढील लेखांकात.