‘मीडिओकर’ : अर्ध्या डोंगरावर थांबलेला शब्द

एखाद्या नाटकाला किंवा पुस्तकाला इंग्रजीत ‘मीडिओकर’ म्हटले, तर ते वाईट आहे असे कोणी म्हटलेले नसते. तरीही लेखकाला हा शब्द उघड निंदेपेक्षा अधिक झोंबतो.

लॅटिनमधील ‘मेडिओक्रिस’ हे त्याचे मूळ. ‘मेडियस’ म्हणजे मध्य आणि ‘ओक्रिस’ म्हणजे खडकाळ डोंगर. म्हणजे डोंगर अर्धाच चढलेला. गंमत अशी की, रोमन कवी होरेस याने याच शब्दकुळातील नामाला ‘सोनेरी’ हे विशेषण जोडून पडके घर आणि हेवा वाटावा असा प्रासाद ही दोन्ही टोके टाळणाऱ्या जीवनाची स्तुती केली. मध्यम प्रतीच्या कवीला मात्र त्यानेच क्षमा नाकारली. फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला आणि काळाच्या ओघात त्यातील स्तुती गळून नापसंतीच उरली.

‘ॲव्हरेज’शी त्याची नेहमी गल्लत होते. ‘ॲव्हरेज’ ही मोजणी आहे, ‘मीडिओकर’ हा निवाडा. वर्गाची सरासरी पन्नास गुणांची असेल, तर पन्नास गुण मिळवणारा विद्यार्थी ‘ॲव्हरेज’ ठरतो. त्याला ‘मीडिओकर’ म्हणणे हा त्याच्या कुवतीवरच शेरा होय. शिफारसपत्रात हा फरक विसरला, तर एखाद्याची संधी हुकू शकते.

अमेरिकेत १९७० साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरल्ड कार्सवेल यांचे नाव सुचवले. ते ‘मीडिओकर’ असल्याची टीका होताच सिनेटर रोमन ह्रुस्का यांनी अजब बचाव केला : देशात मीडिओकर माणसे पुष्कळ आहेत, त्यांनाही थोडे प्रतिनिधित्व नको का? विरोधकांना यापेक्षा चांगला मुद्दा सापडला नसता. सिनेटने ५१ विरुद्ध ४५ मतांनी नाव फेटाळले.

मराठीत याला ‘सुमार’ हा चपखल शब्द आहे. फारसी ‘शुमार’ म्हणजे गणना. ‘सुमारे’ आणि ‘बेसुमार’ यांत ती अजून शाबूत आहे, ‘सुमार दर्जा’त मात्र मोजणीचाच निवाडा झाला आहे. म्हणून भाषांतरात ‘ॲव्हरेज’ला ‘सरासरी’ किंवा ‘मध्यम’ म्हणावे आणि ‘सुमार’ हा शब्द ‘मीडिओकर’साठी राखावा. ‘सामान्य’ येथे टाळलेलेच बरे; आपल्याकडे ‘सामान्य माणूस’ म्हणताना कोणी त्याला कमी लेखत नाही.